नाशकात प्राइडची फेरी काढायची तर

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी आमचा अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "जयंती कुणाची?"

नाशकात माणसं रस्त्यावर घोळक्याने चालतात ती जयंतीला, विसर्जनाला नाहीतर मोर्चाला. आमचं तिन्हीत बसत नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, जयंती नाही. जुन्या नाशकाचा इतिहास बघत फिरणार आहोत, सोबत आमचा झेंडा असेल."

"कुठल्या पक्षाचा?"

तिथून पुढे पाऊण तास गेला. तो पाऊण तास आणि त्याआधी आमच्याच अडाणीपणामुळे वाया गेलेले तीन आठवडे तुमचे तरी वाचावेत, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी समलिंगी आहे, इंदिरानगरला राहते, सातपूरला एका कंपनीत हिशेब बघते. प्राइड म्हणजे आमच्यासारख्या समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांनी अभिमानाने, उघडपणे काढलेली फेरी. संघटना वगैरे काही नाही, आठ-दहा मित्रमैत्रिणींचा गट आहे. पहिल्या वर्षी आमच्या फेरीला १९ जण आले. संख्येवरून खट्टू होऊ नका. २ जुलै १९९९ ला कोलकात्यात देशातली पहिली प्राइड फेरी निघाली तेव्हा १५ जण होते. आम्ही चार जास्तच.

१. मोर्चा की फेरी, हे पहिल्या बैठकीतच ठरवा

मुंबईची प्राइड २००८ पासून, पुण्याची २०११ पासून. आपल्यातलं कुणीतरी तिकडे जाऊन येतं, ढोल, ट्रक, हजारो माणसं बघून येतं आणि पंचवटी एक्स्प्रेसमधून उतरेपर्यंत त्याच्या डोक्यात कॉलेज रोडवरची प्राइड तयार असते. मीही त्यातलीच. पण मुंबईच्या गर्दीत माणूस हरवतो, नाशकात सापडतो. इथे दोन अनोळखी माणसं बोलायला लागली की तिसऱ्या मिनिटाला एखादा सामाईक मामा निघतो.

म्हणून आम्ही इतिहासाची फेरी ठरवली. सकाळची वेळ, दोनेक किलोमीटर, पाच-सहा थांबे, प्रत्येक थांब्यावर एक गोष्ट. ज्याला झेंडा खांद्यावर घ्यायचाय त्याने घ्यावा, ज्याला नुसतं चालायचंय त्याने नुसतं चालावं. घरी कुणी विचारलं तर "हेरिटेज वॉकला गेले होते" हे उत्तर शंभर टक्के खरं असतं. या एका गोष्टीमुळे आमच्याकडे निम्मी माणसं आली.

मागण्या मांडायच्या असतील, निवेदन द्यायचं असेल, तर तो मोर्चा. त्यासाठी बी. डी. भालेकर मैदान आणि जिल्हाधिकारी कार्यालय हा नाशिककरांचा ठरलेला रस्ता आहेच. दोन्ही एकाच दिवशी करू नका. घोषणा द्यायला आलेले गोष्टींना कंटाळतात आणि गोष्टी ऐकायला आलेले घोषणांना बिचकतात.

२. दिवस: जून सोडा

जगभर जून हा प्राइडचा महिना, कारण न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोक उलटून उभे राहिले ती २८ जून १९६९ ची पहाट. आपल्याकडे जूनमध्ये छत्री सांभाळायची की झेंडा, असा प्रश्न असतो. जुलै-ऑगस्टचं तर बोलायलाच नको. गंगापूर धरणातून पाणी सुटलं की गोदाघाटाचं काय होतं ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला विचारा, पुराचं पाणी नाशिककर त्याच्यावरूनच मोजतात.

डिसेंबर ते फेब्रुवारीतला एखादा रविवार घ्या. टाळायचं ते असं:

- २६ जानेवारीच्या आसपासचा आठवडा, सगळं मनुष्यबळ बंदोबस्तात असतं.
- निवडणुकीची आचारसंहिता. ती लागली की अर्ज टेबलावरून हलत नाही.
- बुधवार. गंगेवर आठवडे बाजार असतो, पाय ठेवायला जागा नसते. (बाहेरून आलेल्यांसाठी: इथे गोदावरीला गंगाच म्हणतात.)
- २०२७ चा ऑगस्ट-सप्टेंबर. सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या काळात रामकुंडाकडे फेरीचं नावही काढू नका.

३. मार्ग आणि गोष्टी

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. झेंडा कुठेही फडकवता येतो. आपल्या गावात उभं राहून सांगायची गोष्ट मात्र शोधावी लागते. आमचा मार्ग काळाराम मंदिर, रामकुंड, पूल ओलांडून सरकारवाडा, तिवंधा चौक आणि शेवटी शालिमारजवळ कालिदास कलामंदिर.

*काळाराम मंदिर.* २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथे सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढची काही वर्षं नेटाने चालवला. दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

याच्या जोडीला फारशी कुणाला माहीत नसलेली एक गोष्ट सांगा. १९३४ मध्ये संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल प्रश्न विचारले होते आणि कर्व्यांनी आडपडदा न ठेवता उत्तरं दिली होती. कोर्टात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बाबासाहेब. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण तो मंदिरासाठी लढतो आहे त्याच काळात हा माणूस या खटल्यासाठीही काळा कोट चढवतो, हे दरवाजासमोर उभं राहून ऐकताना माणसं गप्प होतात.

इथे मी एक चूक केली. पहिल्या वर्षी ही गोष्ट मी सांगितली आणि ओघात म्हणून गेले, "आपणही असेच दाराबाहेर उभे आहोत." गटातला एक मुलगा फेरी संपल्यावर बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, १४ एप्रिलला कधी आमच्याबरोबर चाललात का? मग आमचं दार उसनं कशाला घेता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता या थांब्यावर तोच बोलतो. मी माईक धरते.

*रामकुंड.* इथे सकाळी दशक्रिया चालू असतात, अस्थी विसर्जनासाठी लांबून कुटुंबं आलेली असतात. स्पीकर बंद, झेंडे गुंडाळून, एका बाजूने शांतपणे चला. आम्ही इथे गोष्ट सांगतच नाही, पुढे घाटावर सावली बघून बसतो आणि मग सांगतो. ती आहे वणीच्या सप्तशृंगगडाची. कोजागरी पौर्णिमेला गडावर ठिकठिकाणचे तृतीयपंथी जमतात आणि देवीचा छबिना वाजतगाजत निघतो. हिरव्या बांगड्या, मळवट, डोक्यावर देवी. "प्राइड हे परदेशी फॅड आहे" असं कुणी म्हणालं तर वाद घालत बसू नका, वणीला कधी गेला होता एवढंच विचारा. बोलणारा नाशिकचा असेल तर त्याने हा छबिना डोळ्यांनी पाहिलेला असण्याची शक्यता बरीच आहे. घाटावरच कुंभाचाही विषय निघतो. तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये किन्नर आखाडा, म्हणजे तृतीयपंथीयांचा आखाडा, उभा राहिला आणि २०१६ च्या उज्जैनच्या सिंहस्थात उतरला.

*सरकारवाडा.* पेशवेकालीन, देखणा, आणि आपल्या विषयाशी त्याचा काही संबंध नाही. पाणी प्यायला थांबा.

*तिवंधा चौक.* इथे थांबून लोकांना विचारा, "पायाखाली काय आहे?" जुन्या नाशकातले पटकन सांगतात: रहाड. पेशव्यांच्या काळापासूनचे हे दगडी हौद वर्षभर रस्त्याखाली बुजवलेले असतात. वरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या लागतात. रंगपंचमी जवळ आली की उकरून काढतात, पूजा होते, रंग भरतात आणि मग धप्पा मारायला, म्हणजे आत उडी घ्यायला, रांग लागते. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, दुसऱ्या चौकाचा रंग चालत नाही. गटातली पंचवटीतली एक मुलगी इथे म्हणाली होती, "म्हणजे माझ्यासारखीच की. वर्षातून एक दिवस." सगळे हसले, तीही हसली. मी यावर आणखी भाष्य करत नाही, तुम्हीही करू नका, गोष्ट आपोआप पोचते.

*कालिदास कलामंदिर.* इथे नाटक-सिनेमाच्या गोष्टी. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, हे नाशकात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्या रात्री रंगमंचावर नाटक होतं, आणि त्या काळी नाटकातल्या बायका पुरुषच व्हायचे, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. मग दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, शेवट नाशकात १९४४ मध्ये. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती होती अण्णा साळुंके, हॉटेलात स्वयंपाकी असलेला पुरुष. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. भारतीय सिनेमाची पहिली नायिका पुरुष होती, हे ऐकून दरवर्षी टाळी पडते.

पण इथेच एक खड्डा आहे. "म्हणजे ते आपल्यातलेच" असं बोलू नका. साळुंके मनातून कोण होते याचा काही पुरावा नाही, ती त्यांची नोकरी होती. जेवढं माहीत आहे तेवढंच पुरेसं गमतीदार आहे.

गोष्टी तपासायला सार्वजनिक वाचनालयात बसा. १८४० पासूनची संस्था आहे. आम्हाला तिथेच एक निवृत्त शिक्षक भेटले. आमचा विषय ऐकून म्हणाले, "ते तुमचं मला काही उमगत नाही, पण तारखा चुकवू नका." आमचा कागद लाल पेनाने तपासून दिला. असे एक काका किंवा मावशी शोधाच.

४. परवानगी

"आपण वीसच जण, कशाला परवानगी?" हा विचार काढून टाका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरात वेळोवेळी मनाई आदेश लागू होतात आणि ते लागू असताना पाच किंवा जास्त माणसं विनापरवानगी जमली तरी अडचण होऊ शकते. घटनेच्या कलम १९ ने शांततेने एकत्र जमण्याचा हक्क दिलाय, हे खरं. पण ते अर्जात लिहा, रस्त्यावर हवालदाराला ऐकवू नका.

कमीत कमी २१ दिवस आधी अर्ज द्या. लागतील ते कागद:

- आयोजकांचा अर्ज, मराठीत, एका पानात: तारीख, सुरुवात-शेवटची वेळ, अंदाजे संख्या, थांबे
- मार्गाचा नकाशा, हाताने काढलेला चालतो
- दोन-तीन आयोजकांच्या आधार कार्डाच्या प्रती आणि फोन नंबर
- स्वयंसेवकांची यादी
- स्पीकर असेल तर त्याची वेगळी परवानगी
- बाग किंवा सभागृह घेणार असाल तर महापालिकेची किंवा त्या संस्थेची परवानगी

आमची घोडचूक सांगते. नदी ओलांडली की पोलीस ठाण्याची हद्द बदलते, हे आम्हाला सुचलंच नाही. वरच्या मार्गाला पंचवटी, सरकारवाडा, भद्रकाली असा विचार करावा लागतो. एकाच ठिकाणी अर्ज देऊन आम्ही वाट बघत बसलो. प्रत्येक ठाण्याला एक प्रत, वाहतूक शाखेला एक, पोलीस आयुक्त कार्यालयाला एक. आणि प्रत्येक प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या. "ठेवून जा, बघतो" हे उत्तर नाही. तोंडी "हो" सुद्धा उत्तर नाही, कारण हो म्हणणाऱ्या साहेबांची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी असते.

अर्जात शब्द जपून वापरा. आम्ही "इतिहास फेरी (एलजीबीटी समुदायाच्या सहभागाने)" असं लिहिलं. नुसतं "हेरिटेज वॉक" लिहून झेंडे घेऊन गेलात तर ती फसवणूक वाटते, आणि पुढच्या वर्षी दार बंद.

परवानगीबरोबर बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीसही हातात पडेल. मोठ्या अक्षरात नोटीस वाचून आमच्यातल्या एकाने रजाच टाकली होती. तो गुन्हा नव्हे. "गडबड झाली तर जबाबदारी तुमची" अशी ती आगाऊ समज असते. वाचा, सही करा, झेरॉक्स ठेवा.

फायलीत आणखी एक पान ठेवा: ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध वगळले, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ते कलम उरलंच नाही. "पण हे कायद्यात बसतं का?" असं कुणी ना कुणी विचारतंच. लग्नाबद्दल विचारलं तर खरं सांगा: १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती मान्यता मिळाली नाही.

५. फोटो

बाकी सगळं चुकलं तर फेरी फसते. हे चुकलं तर कुणाचं तरी घर सुटतं.

पहिल्या वर्षी आम्ही आपसात "फोटो नको" ठरवलं होतं. रस्त्यावरच्या माणसाचं काय करायचं हे ठरवलंच नाही. पुलावर एका मोटरसायकलवाल्याने थांबून व्हिडिओ काढला. संध्याकाळी तो एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि साडेसातला आमच्यातल्या एकीला काकूचा फोन: "तू गंगेवर काय करत होतीस गं?" ती म्हणाली, "हेरिटेज वॉक होता, काकू. तिवंध्याच्या रहाडीबद्दल सांगत होते." काकूंचं माहेर तिवंध्याचं. पुढची वीस मिनिटं काकूच बोलल्या. वाचली. दर वेळी काकूंचं माहेर कामाला येईल असं नाही.

आता आम्ही हे करतो:

- मनगटाला पिवळी फीत म्हणजे माझा फोटो नको. फिती सगळ्यांसमोर वाटत नाही, पिशवीतून ज्याची त्याने घ्यायची.
- फोटो काढणारी एकच व्यक्ती, फक्त ठरलेल्या दोन जागी. फीतवाले तेव्हा मागे सरकतात.
- दोन स्वयंसेवकांचं काम एवढंच: कुणी मोबाइल वर केला की हसतमुखाने मध्ये उभं राहायचं. भांडायचं नाही. "दादा, मुली आहेत, नका काढू" हे वाक्य नाशकात लगेच चालतं. मला ते आवडत नाही, पण चालतं.
- पत्रकारांना आदल्या दिवशी सांगा कुणाशी बोलायचं. नावं आपण देऊ तीच.
- स्कार्फ. ॲक्टिवावर डोळे सोडून सगळं झाकलेली मुलगी या शहरात रोज हजारदा दिसते. तशीच चालत आली तर कुणी वळूनही बघत नाही.

६. तृतीयपंथी मंडळींना बोलावताना

आयत्या वेळी "रंगत यावी" म्हणून बोलावू नका. सिग्नलवर भेटून पत्रिका हातात देणं म्हणजे आमंत्रण नव्हे. त्यांच्या गुरूंच्या घरी जा, चहा घ्या, काय करणार ते सांगा, आणि मार्गाबद्दल त्यांचं मत विचारा. आम्हाला त्यांनीच सांगितलं की रविवारची सकाळ ही त्यांची कमाईची वेळ. दोन तास फुकट चालायला बोलावणं आमच्यासाठी हौस होती, त्यांच्यासाठी दिवसाचं नुकसान. आता वर्गणीतून आधी त्यांचा प्रवास आणि मानधन बाजूला काढतो, मग झेंड्यांचं कापड.

७. पिशवीत काय हवं

परवानगीची मूळ प्रत आणि तीन झेरॉक्स, पाण्याचे जार कुठे ठेवलेत त्याची चिठ्ठी, ओआरएस, सेफ्टी पिना, दोरी, कचऱ्याची पिशवी, ओळखीच्या वकिलाचा नंबर कागदावर (मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो).

झेंडा मेन रोडवरून कापड घेऊन शिवून घेतला. १९७८ मध्ये गिल्बर्ट बेकरने केलेल्या मूळ झेंड्यात आठ पट्टे होते, आता सहा असतात: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. शिंपीकाकांनी तुकडे मोजले आणि म्हणाले, "नवरात्राचे ना? तीन रंग विसरलात."

८. त्या दिवशी

आठची वेळ द्या, साडेआठला निघा, साडेदहाच्या आत संपवा. पुढे एक माणूस, मागे एक, आणि शेवटचा कुणालाही मागे सोडून येणार नाही. बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांना पहिल्या थांब्यावर नमस्कार करून मार्ग दाखवा. गोष्टी त्यांनाही ऐकू येतील अशा उभ्या राहून सांगा. साळुंकेंची गोष्ट ऐकून एका हवालदार ताईंनी मला दोनदा नाव विचारलं होतं.

कुणी टोमणा मारला तर चालत राहा. कुणी खरंच काही विचारलं तर एकाने थांबून दोन वाक्यांत सांगा, बाकीच्यांनी पुढे व्हा.

शेवटी मिसळ. टेबल आधी सांगून ठेवा, रविवारी वीस जणांना एकत्र जागा मिळत नाही. तिथे झेंडे पिशवीत गेले तरी हरकत नाही.

रात्री व्हॉट्सॲप ग्रुप डिलीट करा, नंबरांची यादी एकाच विश्वासू माणसाकडे ठेवा. फक्त त्याआधी भाड्याचा स्पीकर कोण परत करणार हे ठरवून घ्या. आमचं पाचशे रुपये डिपॉझिट अजून दुकानातच आहे, कारण पावती ज्याच्याकडे होती त्याचा नंबर ग्रुपबरोबरच गेला.